साडूचा गाल

काम, क्रोध, लोभ, मोह, मद आणि मत्सर हे माणसाचे सहा वैरी, असं प्रत्येक सप्त्यात कुठले ना कुठले महाराज सांगतातच, आणि प्रत्येक सप्त्यात देविदासराव सगळ्यांत जोरात मान हलवतात. पहिल्या पाच वैऱ्यांशी त्यांचं खरोखरच फारसं येणं-जाणं नव्हतं. क्रोधाला त्यांच्या पत्नी सिंधूताई उंबऱ्याच्या आत घेत नसत. लोभ-मोहाला कॉलेजातल्या कारकुनीत वाव नव्हता. मद यावा असं काही घडलंच नव्हतं. सहावा वैरी मात्र सासरकडून आलेला. नाव वैजनाथराव, मुक्काम लातूर, नातं साडूचं.

वैजनाथराव वाईट माणूस होते असं कुणी म्हणणार नाही. बी-बियाणांचं दुकान, गोड बोलणं, हातात टाळ दिला तर ठेका सुटायचा नाही. पण त्यांचे गाल गुळगुळीत होते.

झालं असं, की बिलोलीला मेव्हण्याच्या लेकीच्या साखरपुड्याला दोन्ही जावई गेले. सासूबाई कावेरीबाईंनी रिवाजाप्रमाणे जावयांची दृष्ट काढली. दोन्ही हात जावयाच्या तोंडावरून फिरवायचे आणि आपल्या कानशिलावर बोटं कडाकडा मोडायची. वैजनाथरावांच्या तोंडावरून हात फिरला आणि तिथंच थांबला.

"अगं बाई! गाल हाय का दुधावरची साय?"

मग देविदासरावांची पाळी आली. हात अर्ध्यावर आला आणि चटका बसल्यासारखा मागं गेला.

"देविदासराव, आज दाढीला टाइम न्हाई भेटला व्हय?"

देविदासरावांनी त्या सकाळी नवं ब्लेड लावून दोनदा दाढी केली होती. मांडवातले सगळे हसले, ते एक वेळ सोसलं असतं. पण सिंधूताईही हसल्या, आणि हसता हसता साडूच्या गालाकडं बघत म्हणाल्या, "भाऊजी काय लावतात की बाई!"

परतताना देविदासरावांनी अंगणात साडूला गाठलं. आवाज शक्य तितका बेफिकीर ठेवून विचारलं, "वैजनाथराव, ब्लेड कोणतं वापरता?"

"ब्लेड?" वैजनाथरावांना त्या शब्दाची कीव आली. "वस्तरा, साडूभाऊ. उघडा वस्तरा. पण वस्तऱ्यात बी काय नसतंय. शेवटचा हात कोणत्या दगडावर फिरला, त्याच्यावर समदं."

"मग दगड कोणता?"

"साधाच. देवानं दिलेला. पण कोणता, ते तेवढं इचारू नका."

गुरुमंत्रसुद्धा कानात सांगतात, पण सांगतात तरी! नांदेड येईपर्यंत देविदासराव खिडकीबाहेर बघत होते, आणि रस्त्याच्या कडेचा प्रत्येक दगड त्यांना आपल्याकडं बघून हसतोय असं वाटत होतं.

जुन्या मोंढ्याकडच्या एका मोडक्या-तोडक्या सामानाच्या दुकानात त्यांना हाडाच्या मुठीचा एक म्हातारा वस्तरा मिळाला. धार लावून घ्यायला ते नेहमीच्या सलूनमध्ये गेले, तर तिथला कारागीर म्हणाला, "काका, आम्ही अर्धं ब्लेड मोडून लावतो अन् फेकून देतो. ही चीज तुम्ही देव्हाऱ्यात ठेवा." अखेर मोबाइलवरच्या एका गोऱ्या साहेबाला गुरू केलं. साहेब वस्तऱ्याला धार लावायला शिकवत होता आणि त्याची स्वतःची दाढी बेंबीपर्यंत आलेली होती. पण ज्ञान कुठूनही घ्यावं. वस्तऱ्याची पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकवायच्या, वर पाणी, जोर अजिबात नाही, अत्तर लावल्यासारखा हात फिरवायचा. आधी खरबरीत दगड, मग बारीक, आणि शेवटी सगळ्यांत बारीक. हा शेवटचा दगड महागाचाच पाहिजे असं नाही, बारीक पोताचा साधा नैसर्गिक दगडही चालतो, असं साहेबानं सांगितलं, आणि देविदासरावांचा जीव भांड्यात पडला. देवानं मराठवाड्याला पाणी देताना हात आखडला असेल, पण दगड ओंजळी भरभरून दिलेत. आधीच्या दोन दगडांचं काम बाजारातल्या धारेच्या दगडानं भागलं. शोध उरला तो शेवटच्याचा.

शेजारी नरसिंग राहायचे. मूळचे देगलूरकडचे, रेल्वेतून निवृत्त, आणि कॉलनीच्या विठ्ठल मंदिराच्या समितीचे अध्यक्ष. त्यामुळं कुठल्याही विषयावर ठराव मांडायची त्यांना सवय होती.

"कडप्पा घ्या," त्यांनी ठराव मांडला. "काळा, थंड, लोण्यावानी. दुसरा दगडच न्हाई."

कडप्पा घरातच होता. सिंधूताई भाजी आणायला गेल्याचं बघून देविदासरावांनी स्वयंपाकाच्या ओट्याच्या कोपऱ्यावर वस्तरा चालवला. सिंधूताई पिशवी विसरल्या म्हणून परत आल्या.

"अहो! तिथं भाकरी थापते मी! खुशाल न्हाव्याचं दुकान मांडून ऱ्हायलात?"

"बारीक पोत आहे, सिंधू."

"तुमचं डोकं बारीक पोताचं झालंय!"

मग शहाबादी फरशीचा तुकडा झाला. शाळेतली दगडी पाटी झाली. तिच्यावरून वस्तरा फिरताना असा आवाज आला की गल्लीतली कुत्री उठून गेली. प्रत्येक दगडानं चेहऱ्यावर आपापली सही केली. कॉलेजात रोज नव्या जागी कापूस आणि हळद घेऊन जाणाऱ्या देविदासरावांना प्राचार्यांनी एक दिवस मायेनं विचारलं, "मांजर पाळलंय का?"

त्यात ती केसाची परीक्षा. धार खरी असेल तर अधांतरी धरलेला केस टेकताच तुटावा, असा साहेबाचा दंडक. देविदासरावांच्या डोक्यावर आता परीक्षेला बसवण्याजोगे केस उरले नव्हते. सिंधूताईंच्या फणीतले संपले. तेव्हा एका बेसावध क्षणी ते नरसिंगांच्या दारात गेले आणि नरसिंगांच्या मंडळींना, शरणम्मांना, म्हणाले, "वहिनी, तुमचा एक लांब केस मिळेल का?"

शरणम्मांनी दार लावून घेतलं. "अय्यो, माझा केस कामून पाहिजे ह्यांना?" हे मात्र बंद दारातूनही स्पष्ट ऐकू आलं. संध्याकाळी नरसिंगांच्या चौकटीला लिंबू-मिरची लागली. बाईचा केस मागणारा माणूस एकतर चळलेला असतो नाहीतर भानामती करणारा, आणि देविदासराव चळण्याइतके धीट नाहीत, यावर कॉलनीचं एकमत होतं. सिंधूताईंनी पुरणाच्या पोळ्या नेऊन ते प्रकरण मिटवलं, पण लिंबू-मिरची तशीच राहिली.

तरीही माघार घ्यावी असं त्यांना वाटलं नाही. डोळे मिटले की सासूबाईंचा हात साडूच्या गालावर थांबलेला दिसायचा. कीर्तनात टाळ वाजला की वैजनाथराव आठवायचे, आणि टाळापाठोपाठ गाल.

शेवटी गोदामाई. हजारो वर्षं पाण्यानं घासलेले गोटे! यापेक्षा बारीक पोत कुठला? रविवारी ते पिशवी घेऊन पात्रात उतरले, प्रत्येक गोटा गालाला लावून बघत पिशवी भरली आणि वर चढले, तर समोर सरकारी गाडी. वाळू चोरणाऱ्यांवर नजर ठेवणारी मंडळी.

"पिशवीत काय?"

"दगड."

"कशासाठी?"

खोटं बोलायची सवय नाही. "दाढीसाठी," देविदासराव म्हणाले.

गाडीतल्या साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "दगड हे गौण खनिज आहे. नदीतून उचलायचं तर अर्ज लागतो. उत्खननाचं कारण लिहावं लागतं. आता मी तिथं दाढी लिहू?"

"साहेब, मी वाळूला हातसुद्धा लावला नाही."

"न्हाई लावला. पण जिथून उचलले तिथंच एकेक ठेवा."

देविदासरावांनी गोटे एकेक करून गोदावरीला परत केले. घाटावर आंघोळीला आलेल्या कुणीतरी फोटो काढला, आणि दुपारपर्यंत तो सासरच्या ग्रुपवर होता. खाली पहिला निरोप लातूरहून. हात जोडल्याची पाच चित्रं आणि, "साडूभाऊ, गोदामाईची ओटी भरून ऱ्हायलात का?"

त्या रात्री देविदासराव जेवले नाहीत. आता एकच मार्ग होता. शत्रूच्या गडात शिरणे.

लातूरला एका महाराजांचं कीर्तन असल्याचं निमित्त सापडलं. निमित्त म्हणजे अगदीच खोटं नव्हे. कीर्तन होतंच, आणि देविदासरावांना कीर्तन ऐकायला निमित्त कधी लागलं नाही. लोहा, अहमदपूर करत बस लातूरला पोचली. मेव्हणी शिवकांताबाईंनी मायेनं केलं. संध्याकाळी कीर्तनाला निघताना त्यांनी भावोजींच्या कपाळाला पुडीतलं कोरडं अष्टगंध पाण्यात कालवून लावलं.

"आमच्यात आता पुडीचंच," त्या म्हणाल्या. "सहाणेवर नीट उगाळतच न्हाई. आमच्या सिंधूचं गंध म्हंजी लोणी. एकदा घेऊनच येणार हाय मी आमची सहाण तिला दाखवायला."

वैजनाथराव उगाच चपलेचा पट्टा आवळत होते. मग सहज विचारल्यासारखं म्हणाले, "यंदाच्या सप्त्यात बी गंधाची सेवा तुमच्याकडंच का, साडूभाऊ?"

इथं हे सांगितलं पाहिजे, की कॉलनीच्या सप्त्यात गंधाची सेवा देविदासरावांची होती. त्यांना ना गळा, ना ताल. टाळ हातात दिला तर पखवाजवाला हात जोडायचा. पण मांडवाच्या तोंडाशी पाटावर सहाण मांडून चंदनाचं खोड उगाळत ते बसायचे, येणाऱ्या प्रत्येकाच्या कपाळाला बोट लावायचे, आणि शेवटी महाराजांच्या. आलेला प्रत्येक माणूस त्यांच्यासमोर क्षणभर डोळे मिटून उभा राहायचा. भगवंताच्या दारात त्यांना एवढीच जागा होती. वैजनाथरावांच्या प्रश्नात काहीतरी आंबट होतं, पण स्वतःच्याच मत्सरानं तोंड आंबलेल्या माणसाला दुसऱ्याची चव कशी कळावी?

"हाव, आमच्याकडंच," ते म्हणाले आणि साडूच्या गालाकडं बघत बसले.

पहाटे त्यांना आवाजानं जाग आली. सर्र... सर्र... ओल्या दगडावर काहीतरी फिरत होतं. देविदासराव पाय न वाजवता उठले. देवघराच्या दाराआडून पाहिलं, तर वैजनाथराव पाटावर मांडी घालून बसलेले, हातात वस्तरा, आणि पुढ्यात देवाची सहाण.

देवाची सहाण! आणि ती सहाण देविदासराव जन्मात विसरले नसते, कारण तिची जुळी बहीण त्यांच्याच घरी होती. बिलोलीच्या सासऱ्यांनी एकाच दगडी चिपेचे दोन तुकडे करून घेऊन दोन्ही लेकींना लग्नात एकेक दिला होता. ज्या दगडासाठी त्यांनी ओटा, पाटी, फरशी आणि गोदामाई धुंडाळली, तो रोज सकाळी त्यांच्या मांडीपुढं चंदन खात होता. कस्तुरीमृगाचा दृष्टांत त्यांनी शंभरदा ऐकला असेल. त्यातला मृग कोण, हे त्यांना लातूरला कळलं.

ते परत येऊन पडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे घोरू लागले.

नांदेडला आल्यावर देविदासरावांच्या आत मोठा परिसंवाद झाला. देवाच्या दगडावर दाढीचं हत्यार? छे छे. पण वैजनाथराव करतात ते? त्यांना पाप लागेल. पण गाल तर साय झालाय! शिवाय दगड झिजण्यासाठीच असतो. चंदनानं झिजला काय, पोलादानं झिजला काय. पूजा झाल्यावर, दगड धुऊन, हात जोडून, उरल्या वेळात केलं तर? मनाला हवं असलं की ते पुराणिकापेक्षा सुंदर निरूपण करतं. खालची बाजू वापरावी म्हटलं, तर तिला पाय होते आणि ती खडबडीत होती. तेव्हा वरचीच.

सिंधूताई सकाळी शरणम्मांबरोबर फिरायला गेल्या की सर्र... सर्र... चौथ्या-पाचव्या दिवशी वस्तरा गालावरून असा गेला की गेल्याचं गालाला कळलंच नाही. केस ठेवला, तुटला. देविदासराव आरशासमोर उभे राहिले. त्यांना आपला गाल अनोळखी वाटला. कुणातरी चांगल्या घरातला.

चहा देताना सिंधूताईंचा हात लागला. थांबला.

"अगं बाई," त्या म्हणाल्या. "हे काय केलंत?"

"साधाच दगड," देविदासराव म्हणाले. "देवानं दिलेला. पण कोणता, ते विचारू नको."

हे वाक्य म्हणण्यासाठी त्यांनी इतके दिवस रक्त सांडलं होतं.

सप्ता आला. काल्याच्या आदल्या दिवशी लातूरची मंडळी आली, बिलोलीहून कावेरीबाई आल्या. सासूबाईंनी तोंडावरून हात फिरवला, देविदासरावांच्या गालावर थांबवला, आणि वैजनाथरावांचा चेहरा कडू कारलं झाला. तो क्षण आयुष्यभर पुरला असता. पण आयुष्य संध्याकाळच्या कीर्तनापर्यंतच टिकलं.

मांडवाच्या तोंडाशी देविदासराव गंध उगाळायला बसले. रंग सप्त्यातल्या आधीच्या दिवसांपेक्षा जरा जास्तच मळकट वाटला. मांडवाची सावली असेल म्हणून त्यांनी केशराच्या दोन काड्या जास्त टाकल्या, आणि आज आनंदात असल्यामुळं प्रत्येकाला बोट जरा भरूनच लावलं. नरसिंगांना, शरणम्मांना, सासूबाईंना, साडूला, आणि सगळ्यांत ठसठशीत कीर्तनकार रामकिशन महाराजांना. वैजनाथरावांनी कपाळाला बोट लावून बघितलं, वास घेतला, आणि काही न बोलता जाऊन बसले.

कीर्तन रंगात आलं. महाराजांचं निरूपण होतं अंतःकरणशुद्धीचं.

"माउली, कपडे पांढरे हायेत, टोपी पांढरी हाय. पण आत काय हाय? आतला मळ कुणाच्या कपाळावर लिहिलेला असतो का?"

असं म्हणून त्यांनी उपरण्यानं घाम पुसला. उपरण्यावर काळा पट्टा उमटला. महाराजांनी तो बघितला, मग समोरच्या मांडवाकडं बघितलं. वाळत आलेलं गंध सगळ्या कपाळांवर काजळासारखं काळं पडलं होतं. म्हातारे-कोतारे, बाया-बापड्या, समितीचे अध्यक्ष. सगळ्यांच्या कपाळी एकच काळी रेघ.

"असतो की!" महाराज म्हणाले. "आज लिहिलेलाच दिसतोय! पांडुरंगा, गंध कुणी उगाळलं?"

सगळा मांडव हसला. पखवाजवाल्यानंही हसताना थाप मारली. दगडाच्या अंगात इतके दिवस मुरलेली पोलादाची भुकटी चंदनाबरोबर वर आली होती, हे त्या मांडवात फक्त दोघांना माहीत होतं. त्यातले एक खाली मान घालून बसले होते. दुसरे, कितीतरी दिवसांनी, मनापासून सुखी दिसत होते.

कीर्तन संपल्यावर नरसिंग काळं कपाळ घेऊन आले. अध्यक्षीय आवाजात म्हणाले, "देविदासराव, उद्या काला हाय. सकाळी गंध पिवळं दिसलं तर सेवा तुमची. न्हाईतर पुडी आणतो अन् दुसऱ्याला बसवतो. राग मानू नका."

देविदासराव घरी आले ते गाल घेऊन नव्हे, नुसतं काळं कपाळ घेऊन. स्वयंपाकघरात शिवकांताबाईंनी ठरल्याप्रमाणं पिशवीतून आपली सहाण काढून ओट्यावर ठेवली होती. "सिंधे, बघ बरं, आमच्यात बी असंच काळं येतंय. दोन सप्ते झाले, ह्यांची गंधाची सेवा मंदिरानं काढून घेतली. दगडालाच काय झालंय की!"

कावेरीबाई पुढं झाल्या. दोन्ही सहाणा शेजारी ठेवल्या. दोन्हींवर, वस्तऱ्याच्या पात्याएवढ्या रुंदीची, सारखीच करडी वाट. त्यांनी एकदा या जावयाचा गाल बघितला, एकदा त्या जावयाचा.

"दोघं बी?" त्या म्हणाल्या.

सिंधूताईंनी नवऱ्याकडं असं बघितलं की त्यापुढं ओट्याचं प्रकरण लाडाचं वाटावं.

"तुम्हाला ठाऊक होतं," देविदासराव साडूला हळूच म्हणाले. "गंध काळं पडतं ते. एका शब्दानं सांगितलं असतं तर..."

"तुमी दगड इचारला व्हता, साडूभाऊ. गंध कुठं इचारलं?" वैजनाथराव म्हणाले. मग आपल्या सहाणेवरून बोट फिरवत, "अन् खरं सांगू? माझी सेवा गेली, तुमची चालूच. गाल काय चाटायचाय? गालाला कोण डोळे मिटून उभं ऱ्हातंय?"

इतके दिवस देविदासराव ज्या दारात उभे राहून आत डोकावत होते, त्याच दाराच्या पलीकडून कुणीतरी त्यांच्याकडं डोकावत होतं.

"बोलणं पुरे," कावेरीबाईंनी निकाल दिला. "वस्तरे हिकडं द्या. दगड दगडानंच निघतो. वाळू घ्या मूठभर, अन् एकावर एक घासा."

"वाळू?" देविदासराव दचकले. "सासूबाई, ती गौण खनिज..."

नरसिंगांच्या गच्चीच्या कामातली उरलेली वाळू शरणम्मांनी भिंतीवरून दिली. देताना केस मात्र पदराखाली घट्ट झाकून घेतले. मागच्या नळापाशी दोन पाटांवर दोन साडू समोरासमोर बसले. खाली एकाची सहाण, वर दुसऱ्याची, मध्ये ओली वाळू. एकानं ढकलायचं, दुसऱ्यानं ओढायचं. काळं पाणी मोरीतून वाहू लागलं.

"तुमी जरा जास्त दाबून ऱ्हायलात," वैजनाथराव म्हणाले.

"तुमची वर आहे म्हणून तसं वाटतं."

"मग तुमची वर घ्या."

"घेतो!"

पाणी स्वच्छ वाहू लागलं तरी दोघं थांबेनात. शेवटी शिवकांताबाईंनी दोन्ही दगड ओढून घेतले.

काल्याच्या सकाळी मांडवाच्या तोंडाशी, एका अंगाला देविदासराव आणि दुसऱ्या अंगाला वैजनाथराव, पुढ्यात आपापली सहाण. वस्तरे कावेरीबाईंच्या ट्रंकेत असल्यामुळं दोघांच्या गालांवर सारखेच खुंट. नरसिंगांनी दोन्हींकडचं गंध बोटावर घेतलं, उन्हात धरलं. पिवळंधमक. "मंजूर," ते म्हणाले.

सगळ्यांत आधी कावेरीबाई आल्या. देविदासरावांसमोर डोळे मिटले, गंध घेतलं. मग वैजनाथरावांसमोर मिटले, त्याच्याच शेजारी घेतलं. दोन्ही जावई श्वास धरून होते. म्हातारीनं कपाळावरून बोट फिरवलं आणि समाधानानं मान हलवली.

"एकाचं जरा जास्त मऊ उगाळलंय," त्या म्हणाल्या.

"कुणाचं?" दोघांनी एकदमच विचारलं.

कावेरीबाईंनी दोघांच्या खुंटांवरून हात फिरवला, कानशिलावर कडाकडा बोटं मोडली आणि काही न सांगता पुढं जाऊन बसल्या.

रामकिशन महाराजांचं त्या दिवशीचं काल्याचं कीर्तन फार सुंदर झालं असं सगळे म्हणतात. गंधाच्या दोन सेवेकऱ्यांना मात्र विचारू नका. ते दोघेही मांडवातच होते, पण त्यांना एक अक्षर ऐकू आलेलं नाही.